कवटीचे माप

गेल्या मे महिन्यात, प्रथम वर्षाचा निकाल लागायच्या आधीच, आमचे थोरले काका मुरबाडकडून मोहन्याला आले. हातात आंब्यांची पिशवी होती आणि मनात माझ्यासाठी एक स्थळ होते. मुलगा चांगला आहे, भिवंडीला गोदामात कामाला आहे, घरी दोन म्हशी आहेत, हे सगळे सांगून झाल्यावर त्यांनी मुख्य मुद्दा काढला. आपल्या घराण्यात आजवर कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. शिकणे ज्याच्या त्याच्या रक्तात असावे लागते, ते आपल्या रक्तात नाही, तेव्हा पोरीला उगाच कशाला ताणता, असे त्यांचे म्हणणे. काका वाईट नाहीत. दहावीला माझी परीक्षेची फी त्यांनीच भरली होती. बाबा काही बोलले नाहीत. मी तीन वर्षांची असताना त्यांची कंपनी बंद पडली, तेव्हापासून ते डोंबिवलीला वॉचमनची ड्यूटी करतात. रात्रपाळी करून आलेला माणूस वाद घालीत नाही. मी आत आजीजवळ बसून सगळे ऐकत होते. राग आलाच, पण त्याहून जास्त भीती वाटली. काका म्हणतात ते खरेच असले तर?

रक्तात काय असते आणि काय नसते, हे विचारायचे कोणाला? मी कलाशाखेची. विज्ञान दहावीनंतर सुटले. उत्तराची सुरुवात सापडली ती मराठीच्या तासाला. ‘युगान्त’विषयी बोलता बोलता सर सहज म्हणून गेले, की या पुस्तकाच्या लेखिकेने तरुणपणी बर्लिनमध्ये माणसांच्या कवट्या मोजल्या होत्या. वर्गात हशा पिकला. मला मात्र काही हसू येईना. त्या दिवसापासून इरावती कर्वे यांच्याविषयी मिळेल ते वाचीत आले. आंबिवली ते कल्याण हा लोकलचा प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा, मध्ये फक्त शहाड. त्यामुळे वाचन तुकड्यातुकड्यांनी झाले. लेखही तसाच झाला असेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंजान या गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले. सात वर्षांच्या असताना त्यांना शिकायला पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात ठेवले. शाळेत शकुंतला परांजपे ही मैत्रीण मिळाली आणि तिच्या घरच्यांनी या मुलीला आपलीच दुसरी मुलगी म्हणून घरी आणले. ते घर म्हणजे रँग्लर परांजप्यांचे, फर्ग्युसनच्या प्राचार्यांचे. घरात पुस्तके, वादविवाद आणि देव न मानणारा कर्ता पुरुष. हे वाचताना मी थांबले. मला वाटले, झाले, काकांचेच खरे. असे घर मिळाल्यावर कोण शिकणार नाही? मग लक्षात आले, की ते घर त्यांच्या रक्ताचे नव्हतेच. रक्ताचे आईवडील होते ब्रह्मदेशात, समुद्रापलीकडे. शिकवले ते परक्या घरातल्या पुस्तकांनी.

फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन त्या १९२६ साली बी.ए. झाल्या. मग मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून एम.ए. झाल्या. दरम्यान महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर, रसायनशास्त्राचे प्राध्यापक, यांच्याशी त्यांचे लग्न झाले. वडिलांच्या मनात मुलगी एखाद्या संस्थानिकाच्या घरी द्यायची होती, त्यामुळे ते नाराजच होते. पुढे दिनकररावांनी पत्नीला जर्मनीला शिकायला पाठवायचे ठरवले तेव्हा विरोध झाला तो खुद्द महर्षींचा. ज्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले, त्यांना सुनेने परदेशी जाणे पटेना! म्हणजे थोरामोठ्यांच्या घरीही एक थोरले काका असतातच. मला यातून फार धीर आला, हे प्रांजळपणे सांगते. शेवटी डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन इरावतीबाई निघाल्या.

१९२७ साली बर्लिनच्या डालेम भागात कैसर विल्हेल्म संस्थेची एक नवी शाखा निघाली होती. तिचे काम तीन विषयांचे: मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र. सुप्रजनन हा शब्द ऐकायला सोज्ज्वळ आहे. त्याचा त्या काळचा अर्थ असा, की चांगल्या रक्ताच्या लोकांची संतती वाढवावी आणि हलक्या रक्ताच्या लोकांची वाढू देऊ नये. संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हे युरोपातले मोठे नाव. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत जाऊन त्यांनी डच पुरुष आणि स्थानिक स्त्रिया यांच्या मिश्र संततीचा अभ्यास केला होता, आणि मेंडेलचे वाटाण्यांवरचे नियम माणसाला लावले होते. हेच फिशर इरावतीबाईंचे मार्गदर्शक.

त्यांनी दिलेला विषय होता माणसाच्या कवटीची असमानता. आपली कवटी डावीकडे आणि उजवीकडे अगदी सारखी नसते. फिशर यांचा तर्क असा होता, की गोरा युरोपीय माणूस बुद्धीने आणि तर्काने इतरांहून श्रेष्ठ आहे, आणि ते श्रेष्ठत्व कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकात दिसले पाहिजे. युरोपीय कवटीत फरक जास्त असेल, इतरांच्या कवटीत कमी. हे मापून दाखवायचे काम या भारतातून आलेल्या बाविशी-तेविशीतल्या मुलीकडे आले. आता विचार करा. ती मुलगी स्वतःच गोरी युरोपीय नव्हती. म्हणजे गुरूंच्या तर्काप्रमाणे, ज्या डोक्याने ती हे माप घेणार तेच डोके मुळात कमी प्रतीचे.

इरावतीबाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या. काही युरोपातल्या होत्या, काही आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्या. ज्यांच्या त्या कवट्या होत्या त्यांना किंवा त्यांच्या नातलगांना कोणी विचारले नव्हते. कवटी हातात धरायची, डावी बाजू मापायची, उजवी मापायची, आकडा लिहायचा, दुसरी उचलायची. असे महिनोन् महिने. हिशेब केल्यावर जे निघाले ते असे: असमानता सगळ्याच कवट्यांत आहे, पण तिचा वंशाशी काहीएक संबंध नाही. गोऱ्यांच्या कवटीत वेगळे काही नाही. त्यांनी तसेच लिहिले. १९३० च्या सुमारास डॉक्टरेट मिळाली, पण फिशर यांनी श्रेणी दिली ती अगदी खालची, असे २०२४ साली निघालेल्या त्यांच्या इंग्रजी चरित्रात म्हटले आहे. हे चरित्र त्यांच्या नातीने एका परदेशी संशोधकाबरोबर लिहिले आहे.

या जागेवर माझे मन अजून अडते. परका देश, कर्जाचे पैसे, भाषा नवी, पदवी गुरूच्या हातात. आकड्यांना जरासे वाकवले असते तर कोणाला कळले असते? आमच्याकडे प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तर आधी आणि निरीक्षण नंतर लिहिण्याची पद्धत आहे, ती सर्वांना ठाऊक आहे, त्यावर अधिक लिहीत नाही.

पुढे त्या संस्थेचे काय झाले ते जगाला माहीत आहे. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. १९३७ साली ऱ्हाइन नदीच्या भागातल्या मिश्रवंशीय मुलांना सक्तीने निर्बीज करण्यात आले. त्या मुलांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांत फिशर होते. याच संस्थेच्या पुढच्या संचालकाचा शिष्य योझेफ मेंगेले आउश्वित्झच्या छावणीत कैद्यांवर प्रयोग करीत होता. रक्तात आहे, रक्तात नाही, हे वाक्य सरकारच्या हातात गेले म्हणजे कुठवर जाते, ते यावरून कळते.

इरावतीबाई तोवर परतल्या होत्या. काही वर्षे मुंबईला महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रार म्हणून त्यांनी काम केले. ते काम त्यांना फारसे मानवले नसावे. १९३९ साली पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तिथे त्या समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत तिथल्याच राहिल्या.

आता खरी फिरस्ती सुरू झाली. मापाची साधने पिशवीत घालून त्या महाराष्ट्रभर हिंडल्या. गावोगावच्या लोकांची उंची, डोके, नाक मोजले. गुजरातेत लांघणजला डॉ. सांकलियांच्या उत्खननात जुने मानवी सांगाडे निघाले, तिथेही त्या होत्या. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या त्या पहिल्या बाई असे म्हणतात. नवऱ्याला चारचौघांत दिनू अशी हाक मारायच्या, हे तर मी आईला सांगितले तेव्हा तिने पदर तोंडाला लावला.

मला एक प्रश्न पडला होता, तो प्रामाणिकपणे मांडते. बर्लिनला कवट्या मोजून वंशश्रेष्ठत्व खोटे ठरवलेल्या बाईंनी इकडे येऊन पुन्हा लोकांची डोकी जातवार का मोजावीत? काही अभ्यासकांनी त्यांच्यावर हा आक्षेप घेतलेलाच आहे, आणि तो मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. टेप घेऊन आलेल्या शहरी बाईपुढे कातकरी माणूस डोके पुढे करतो तेव्हा त्याला काय वाटत असेल? पण त्या मापांतून त्यांनी काढले काय, हेही पाहिले पाहिजे. कोणती जात वर आणि कोणती खाली हे त्यांनी काढले नाही. त्यांना दिसले ते वेगळेच. कुंभार हे नाव एक, पण महाराष्ट्रात कुंभारांच्या कितीतरी जाती, ज्यांच्यात बेटीव्यवहार नाही, ज्यांची चाकेसुद्धा निरनिराळी. म्हणजे एका मोठ्या जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या असे नव्हे, तर मुळातच वेगवेगळे असलेले गट एका नावाखाली शेजारी शेजारी येऊन बसले, असे त्यांचे मत झाले. घुर्ये यांचे मत याच्या उलट होते. म्हणजे बर्लिनच्या गुरूंशी मतभेद झाला तसा मुंबईच्या गुरूंशीही झाला. १९६८ साली कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण जातींची तुलना प्रसिद्ध केली. समाजात एकाच पायरीवर मानलेल्या या जाती शरीराच्या दृष्टीने सारख्या आहेत का, हे पाहिले, तर त्या सारख्या नव्हत्या. एकाच पायरीवर बसवले म्हणून रक्त एक होत नाही. मग पायरी रक्ताने ठरते हे म्हणणेही लटके पडते.

आता हे रक्त म्हणजे तरी काय? शास्त्र शाखेतल्या माझ्या मैत्रिणीने तिच्या पुस्तकावरून मला तीन रविवार शिकवले. आईबापांकडून मुलाला मिळते ते रक्त नव्हे, मिळतात ती जनुके. पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रे, त्यांवर जनुके. प्रत्येक जनुक म्हणजे काहीतरी घडवण्याची लेखी सूचना. गंमत अशी, की आपल्या डोळ्याच्या आणि पायाच्या टाचेच्या पेशीत सूचना जवळपास त्याच असतात. फरक एवढाच, की कुठे कोणती सूचना वाचायची आणि कोणती मिटून ठेवायची हे ठरलेले असते. काही जनुके चालू, काही बंद.

याचे उत्तम उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे काही लोक आढळले, ज्यांचे रक्त ठरलेल्या चारही गटांत नीट बसेना. त्याला पुढे बॉम्बे रक्तगट नाव पडले. रक्तगटाचे अ आणि ब हे पदार्थ एच नावाच्या पदार्थावर बांधले जातात. अ-बचे जनुक नवव्या गुणसूत्रावर, एचचे एकोणिसाव्या. एचच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या तर माणसाजवळ अ-चे जनुक असूनही ते दिसत नाही. साध्या तपासणीत तो ओ गटाचा वाटतो. पायाच नाही तर भिंत कशावर उभी राहणार? भिंतीचा नकाशा मात्र त्याच्याकडे असतो, आणि त्याच्या मुलात तो अ म्हणून पुन्हा दिसू शकतो. मैत्रिणीने हे सांगितले तेव्हा मी तिला दोनदा सांगायला लावले. जवळ असलेले दिसत नाही, कारण दुसरेच काहीतरी मिळालेले नाही. मला आजी आठवली. ती सही करत नाही, अंगठा देते, पण पंचवीस घरांचा दुधाचा हिशेब वर्षानुवर्षे तोंडी ठेवीत आली.

जनुकांचे हे उघडणे-मिटणे परिस्थितीनेही बदलते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने कोंडी केल्यामुळे हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. त्या उपासमारीत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या शरीरात वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या रासायनिक खुणा भावंडांपेक्षा कमी असल्याचे साठ वर्षांनी, २००८ साली दिसून आले. सूचना बदलली नाही. तिच्यावरची खूण बदलली. ही खूण केली भुकेने. आणि आता तर बाहेरचे जनुक पेशीत नेऊन सोडताही येते. मुंबईच्या आय.आय.टी.त आणि टाटा रुग्णालयात तयार झालेल्या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचाराला २०२३ साली मान्यता मिळाली. रोग्याच्या रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून एक नवे जनुक त्यांच्यात पोचवतात आणि त्या पेशी पुन्हा रोग्याला देतात. त्या पेशी मग कर्करोगाच्या पेशी ओळखून मारतात. रक्तात नव्हते ते रक्तात घातले.

इरावतीबाईंच्या वेळी यातले काही नव्हते. जनुकांचा रेणू कसा दिसतो हेच मुळी १९५३ साली कळले. म्हणून त्यांचे सगळे निष्कर्ष आज टिकतात असे नाही. २०१३ साली हैदराबादच्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी मिळून केलेल्या जनुकीय अभ्यासात असे निघाले, की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले बहुतेक सगळे गट एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळले आणि त्यानंतर बाहेर लग्न करणे बंद झाले. गट सुरुवातीपासून वेगळेच होते असे मानण्याला यामुळे धक्का बसतो. बाई असत्या तर त्यांनी काय केले असते? मला वाटते, आकडे पुन्हा मागवले असते.

शास्त्राबरोबर त्यांनी ललितलेखही लिहिले. ‘परिपूर्ती’ तर आपल्या ग्रंथालयात आहे. पंढरीच्या वारीला त्या चालत गेल्या तेव्हा एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसतात याचा त्यांना रोज त्रास झाला. दिवसभर एकच अभंग गायचा आणि संध्याकाळी पंगती दोन. त्यांनी हे लिहिले, आणि स्वतः ब्राह्मण पंगतीत होत्या हे लपवले नाही. ‘युगान्त’ला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी त्यांनी अखेरच्या वर्षांत केली. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्या वारल्या. वय चौसष्ट.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईची शिलाईची टेप घेतली. भाऊबीजेला काका कल्याणला आत्याकडे आले होते, रात्री मुक्कामाला आमच्याकडे. मी म्हटले, काका, डोके मोजू का? ते आधी संशयाने पाहू लागले, मग टोपी काढून पुढे वाकले. कपाळावरून टेप घेऊन मागे फिरवली. काकांचे साडेबावीस इंच, बाबांचे बावीस, माझे साडेएकवीस, धाकट्या भावाचे एकवीस. घरात सर्वांत मोठे डोके काकांचेच निघाले, आणि ते चौथीतून शाळा सोडलेले. काका भलतेच खूश झाले. मग मी त्यांना बर्लिनच्या कवट्यांची हकिगत सांगितली. त्यांनी मध्येच थांबवून विचारले, त्या बाईला सासऱ्याने जाऊ दिले नाही तरी गेलीच का? मी म्हटले, नवऱ्याने पाठवले. काका गप्प झाले. स्थळाचा विषय त्या रात्री निघाला नाही, पण तो संपलेलाही नाही. बाबांनी अजून उत्तर कळवलेले नाही.

आजीचे माप वीस इंच आले. तिने ते दोनदा विचारून घेतले. मग टेप माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वयंपाकघराकडे बोट करून म्हणाली, तुझ्या आईचे राहिले की गं.